आत कोणी नाही

मृणाल मॅडमना रिकामे रकाने चालत नसत. रिपोर्टात एखाद्या कामगाराच्या नावापुढे विभागाची किंवा कंत्राटदाराची जागा मोकळी दिसली की त्या पेनाच्या टोकाने पडद्यावर टकटक करत आणि म्हणत, "प्रज्ञा, हे दात पडल्यासारखं काय दिसतंय? काढ बाई ते."

प्रज्ञा काढत असे. त्यासाठी फार काही करावं लागत नसे. क्वेरीतला, म्हणजे कॉम्प्युटरकडे माहिती मागायच्या आज्ञेतला, एक शब्द बदलला की पुरे. रिकाम्या रकान्यासकट ती अख्खी ओळच नाहीशी होई, आणि ओळीबरोबर ओळीतला माणूस.

ती मूळची तळा गावाकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. गावात कुणी म्हणालं की ओढ्यावरच्या चिंचेखाली काहीतरी आहे, तर गुरुजी मुलीचा हात धरून दिवेलागणीला त्या चिंचेखाली जाऊन बसत आणि विचारत, "पुरावा काय?" घरात देव नव्हते, नवस नव्हते, पण हा प्रश्न रोजच्या भाकरीसारखा होता. तो प्रश्न घेऊनच ती माणगावला कॉलेजात गेली, कॉम्प्युटर शिकली आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या कंपनीत एचआरचे रिपोर्ट काढायला लागली.

रंगांत आणि औषधांत लागणारी कसलीकसली रसायनं तिथे बनत. कंपनीच्या एका अंगाला तिवरांचं रान आणि दुसऱ्या अंगाला मुरूडकडे जाणारा रस्ता. सुट्टीच्या दिवशी काशीदला निघालेल्या गाड्या तिथून जाताना काचा वर घेत. गावातल्या माणसांना वास येत नसे. त्यांच्या नाकांनी तो कधीच मोजणं सोडून दिलं होतं.

नव्या लोकांना पहिल्या दिवशी सेफ्टीचे साहिल सर एका खोलीत बसवून जे सांगत, ते प्रज्ञाच्या डोक्यातून गेलं नव्हतं. "टाक्यांच्या गाळातून एक वायू सुटतो," ते म्हणाले होते. "सडक्या अंड्यासारखा वास. वास आला की हातातलं काम टाका आणि बाहेर या. आणि येता येता वास एकदम थांबला, तर हवा सुधारली असं समजू नका. तुमचं नाक गेलेलं असतं. मग धावा." सगळे हसले होते. त्या रात्री जेवताना प्रज्ञाने उगाचच भाताचा वास घेऊन पाहिला होता.

गेटबाहेरच्या मैदानात एक मोठा बोर्ड होता, दिव्यांच्या अक्षरांचा. आत जाताना माणूस गेटवर कार्ड टेकवी, त्याची नोंद कॉम्प्युटरमधल्या एका टेबलात पडे. भोंगा झाला की सगळ्यांनी मैदानात यायचं आणि तिथल्या खांबावर पुन्हा कार्ड टेकवायचं. जो आत गेला पण खांबाशी आला नाही, त्याचं नाव बोर्डावर लाल अक्षरात उरे. सगळे आले की बोर्ड हिरवा होई आणि त्यावर ओळ येई: आत कोणी नाही. पूर्वी तिथे नुसतं शून्य यायचं. कामगारांना कळेल असे शब्द टाकू या, हे प्रज्ञानेच सुचवलं होतं, आणि मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

बोर्डामागची क्वेरीही तिचीच. गेटच्या टेबलात नुसते कार्डांचे नंबर. नावं दुसऱ्या टेबलात, विभाग आणि कंत्राटदार तिसऱ्यात. तिन्ही जोडली की माणूस उभा राहतो. जोडायच्या दोन तऱ्हा. एकीत, तिन्ही ठिकाणी ज्याची नोंद सापडेल तोच ठेवायचा, बाकीचे गाळायचे. दुसरीत, गेटमधून आत गेलेला प्रत्येक जण ठेवायचा. पुढच्या टेबलांत काही सापडलं नाही तर रकाना रिकामा सोडायचा, पण माणूस सोडायचा नाही. पहिलीला इनर जॉईन म्हणतात, दुसरीला लेफ्ट जॉईन. प्रज्ञाने आधी दुसरीच वापरली होती. बोर्ड चालू झाला त्या दिवशी मॅडम समोर उभ्या होत्या, आणि नावांच्या रांगेत मध्येच एक दात पडलेला होता.

"काढ बाई ते. डायरेक्टर येतायत."

तिने काढलं.

ती राहायची करंजपाड्यात, मनुबाईंच्या घरी, पुढच्या खोलीत. मनुबाई कंपनीत कंत्राटावर होत्या, टाक्या धुवायच्या शेडमध्ये. आणि सुट्टीच्या दिवशी ओहोटी साधून खाडीत कालवं काढायला जात. गावातल्या पाचसहा बायका मिळून जायच्या, कमरेला कोयती, डोक्याला फडकं, पोटरीभर गाळात. एकदा प्रज्ञाही हौसेने गेली. परतताना बायका तिवरांतून एकेक करून बाहेर पडू लागल्या, तेव्हा सवयीने तिचं बोट हवेत हलू लागलं.

मनुबाईंनी फाडकन तिच्या बोटावर मारलं.

"माणसं मोजू नये."

"का मावशी?"

"मोजू नये म्हंजे मोजू नये. तुज्या गुरुजीला इचार."

"ते म्हणतील पुरावा काय."

"मंग त्यांना धाड इकडं, कंबरभर चिकलात उभं करते नि देते पुरावा."

बायका खिदळल्या. मग प्रज्ञाने पाहिलं ते असं: बांधावर चढल्यावर प्रत्येकीने फक्त आपल्या जोडीचं नाव घेतलं. मनुबाई म्हणाल्या, "कमळे?" कमळाबाई मागून म्हणाली, "हाय गो, मरत न्हाय इतक्यात." कमळाबाई म्हणाली, "मनू?" "हाय." जोड्या तशा जुळत गेल्या आणि सगळ्या वाटेला लागल्या. किती गेल्या, किती आल्या, हे कुणी विचारलं नाही.

रात्री कालवं फोडताना मनुबाई आपणहून बोलल्या. "सगुणा व्हती आमच्यात. लई वर्सं झाली. तवा एकीनं शानपना करून डोकी मोजली. गेलेली तेवढीच भरली. मंग निघालो सगळ्या घरा. वाटंत ध्यानात आलं, पल्याडच्या गावची एक बाय वाट चुकून आमच्यात मिसळलेली."

"आणि सगुणा?"

मनुबाईंनी कोयतीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घातलं आणि हलकेच पिळलं. "भरती कुनासाठी थांबते काय?"

प्रज्ञाला ती गोष्ट आवडली नाही. मोजण्यात दोष नव्हता, चुकीची बाई मोजली गेली, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मनुबाईंचा चेहरा पाहून तिने पुढचा शिंपला उचलला.

दिवाळीनंतर कंपनीत सराव झाला. खोटा भोंगा, खरी धावपळ. सगळे मैदानात जमले, उन्हात डोळे किलकिले करत. साहिल सरांचा माणूस लाऊडस्पीकरवर बोर्डाची नावं वाचत होता. विनेश म्हणून एक फिटर होता, अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. पूर्वी मेंटेनन्सला होता, आता आग विझवणाऱ्या तुकडीत. त्याचं नाव पुकारलं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा पुकारलं गेलं.

"एक विनेश पुरत न्हाय काय कंपनीला?" तो मागून ओरडला. "दोनदा हजेरी तर पगार पन दोनदा टाका."

"तुझ्या पोटाकडं बघून धरलं असंल दोनदा," कमळाबाई म्हणाली, आणि मैदानभर हशा पिकला.

गेटवरच्या सुपरवायझरने रांगांमधून फिरून डोकी मोजली. बोर्डाचा आकडा आणि त्याचा आकडा तंतोतंत जुळला. साहिल सरांनी अंगठा वर केला. मृणाल मॅडमनी हिरव्या बोर्डासमोर सगळ्यांचा फोटो काढायला लावला, आणि प्रज्ञाला ओढून पुढच्या ओळीत उभं केलं.

संध्याकाळी मनुबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "माजं नाव न्हाय घेतलं."

"घेतलं असेल मावशी. गोंगाट केवढा होता."

"कमळीचं घेतलं. माजं न्हाय. नि मी कार्ड टेकवलं तर तो खांब बोलला पन न्हाय. बाकीच्यांना टीं करतो, मना काय न्हाय." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "जाऊंदे. म्हातारीला कोन बोलवतंय."

प्रज्ञाच्या हातातला घास हातात राहिला. एक नाव दोनदा. एक नाव एकदाही नाही. आणि आकडा बरोबर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने तिन्ही टेबलं उघडून शेजारी शेजारी ठेवली. शोधायला वेळ लागला नाही. विनेशच्या विभागाच्या दोन नोंदी होत्या. तुकडीत आला तेव्हा नवी टाकली गेली, मेंटेनन्सची जुनी कुणी बंद केली नाही. म्हणून जोडताना तो दोनदा जोडला जात होता. मनुबाईंची तिसऱ्या टेबलात नोंदच नव्हती, विभाग आणि कंत्राटदार दोन्ही रकाने रिकामे. जुना कंत्राटदार गेला, नव्याने बाकीच्या बायका घेतल्या, मनुबाईंच्या दोन कागदांवरची जन्मसालं जुळेनात म्हणून मंजुरी लोंबकळत राहिली. त्या रोज कार्ड टेकवून आत जात होत्या, रोज टाक्या धुवत होत्या, आणि बोर्डाच्या लेखी कधी आतच गेल्या नव्हत्या. एक जास्त, एक कमी. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात हात घालून उभ्या होत्या आणि लांबून ते बरोबर उत्तरासारखं दिसत होतं.

तिने क्वेरी नीट लिहिली. विनेशची चालू नोंद तेवढी धरली, आणि गेटमधून गेलेला प्रत्येक जण राखला. मग ती मॅडमकडे गेली.

मॅडमनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. जुना, नवा. खालची बेरीज पाहिली. मग चष्मा काढला.

"टोटल तर सेम आहे."

"हो मॅडम. पण आधीची माणसं चुकीची होती."

"आणि आता यात एका ओळीत ब्लँक आहेत."

"त्या मनुबाई. टाक्यांच्या शेडमधल्या."

"प्रज्ञा, ऐक." मॅडम वाईट बाई नव्हत्या, गेल्या वर्षी प्रज्ञाच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून खाट मिळवली होती. "पुढच्या आठवड्यात परदेशी कस्टमरचं ऑडिट आहे. ब्लँक दिसला की ते विचारणार, ही बाई कोणाची? मग कंत्राटदार, मग त्याचे कागद, मग सगळंच. टोटल बरोबर येतंय ना? ऑडिट होऊ दे. मग बदल. मी नाही म्हणतेय का?"

"पण मध्येच काही झालं तर?"

"एका आठवड्यात काय होतंय?"

प्रज्ञाने जुनी क्वेरी तशीच राहू दिली. नवी वेगळ्या नावाने जपून ठेवली. कंत्राटदारांचं टेबल तिला वाचता येई, त्यात लिहिता येत नसे. ज्यांना लिहिता येई त्यांना तिने मेल केला. उत्तर आलं नाही. मग घरी तिने शेवटचा उपाय केला.

"मावशी, कागद होईपर्यंत रजा घ्या."

"नि खाऊ काय? तुजा रिपोट?"

"मी भाडं आधी देते."

मनुबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तिच्याकडे पाहिलं. "काय झालं गो? सपान पडलं काय?"

काय सांगणार? की तुम्ही आत असता आणि नसता? गुरुजींची मुलगी असं कुणाला सांगू शकत नव्हती. पुरावा तर तिच्याकडे होता, पण तो चुलीपुढे दाखवण्यासारखा नव्हता. "काही नाही," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.

त्या आठवड्यात खाडीवर बगळे कमी दिसले. किंवा ती उगाच बगळे बघू लागली होती. दुपारी वारा पडला की ऑफिसच्या छतावरची नारिंगी पिशवी, जी वाऱ्याची दिशा दाखवी, ती मेलेल्या माशासारखी लोंबत राही. रोज सकाळी मशीन चालू केलं की ती आधी मनुबाईंचा कार्ड नंबर गेटच्या टेबलात शोधे. आत. मग बोर्डाच्या रिपोर्टात शोधे. नाही. असं रोज पाहण्यात अर्थ नव्हता, तरी ती पाहत होती, दुखऱ्या दाढेला जीभ लागत राहावी तशी.

ऑडिटच्या सकाळी मनुबाई लवकर निघाल्या. मागची जुनी टाकी कित्येक महिने उघडली नव्हती. पाहुण्यांना ती घाण दिसू नये म्हणून ती त्याच दिवशी धुवून काढायचा हुकूम होता. "कमळी बी न्हाय आज," चपला शोधताना त्या पुटपुटल्या. "भाचीचा साकरपुडा, तळ्याला गेली. तुमच्याच गावा."

"मग तुमच्या जोडीला कोण?"

"देईल मुकादम कुनीतरी."

पाहुणे आले. पांढरी हेल्मेटं घालून फिरले. मृणाल मॅडमनी त्यांना नारळपाणी दिलं. जेवणानंतर ते एचआरच्या खोलीत येऊन बसले, आणि प्रज्ञा हजेरीचे रिपोर्ट एकेक करून पडद्यावर उघडू लागली. रकाने सगळे भरलेले. एकही दात पडलेला नव्हता.

तेव्हा वास आला.

आधी तिला वाटलं, आपल्यालाच. मग एका पाहुण्याने नाक वर केलं. आणि भोंगा वाजला. सरावाचा भोंगा थांबून थांबून वाजे, हा थांबला नाही.

सगळे चालत, मग भरभर, मग पळत मैदानात आले. खांबांपाशी कार्डांची टींटीं सुरू झाली. बोर्डावर लाल नावांची लांब यादी होती, आणि पागोळ्या ओघळाव्यात तशी एकेक ओळ गळत होती. पाहुणे हातातलं घड्याळ बघत होते. साहिल सर कानाला वॉकीटॉकी लावून उभे. शेवटची नावं राहिली. शेवटचं नाव गेलं. बोर्ड हिरवा झाला.

आत कोणी नाही.

एका पाहुण्याने समाधानाने मान हलवली. साहिल सर वॉकीटॉकीत म्हणाले, "सगळे बाहेर. मागच्या टाकीची लाईन फुटलीय. कोणी आत जायचं नाही, वायू आपोआप विरू दे." भोंगा बंद झाला. त्यानंतरची शांतता प्रज्ञाला भोंग्याहून मोठी वाटली. ती रांगांमधून चालत सुटली होती. शेडमधल्या बायका एका कडेला उभ्या होत्या. तिने चेहरे पाहिले. पुन्हा पाहिले.

"मनुबाई कुठायत?"

"असंल की इथंच," एक जण म्हणाली. "आमी फुडल्या शेडात व्हतो. ती मागल्या टाकीवर व्हती. तिकडं पंपाचा आवाज, भोंगा ऐकू येतो का कुनाला ठाव."

प्रज्ञा साहिल सरांसमोर जाऊन उभी राहिली. पाहुणे दोन पावलांवर होते, मृणाल मॅडम त्यांच्या शेजारी.

"सर, आत माणूस आहे."

"नाही. बोर्ड बघ."

"बोर्ड चुकतोय."

"बोर्ड म्हणतोय आत कोणी नाही."

"बोर्डाला ते मी सांगितलंय, सर. चुकीचं सांगितलंय."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं. प्रज्ञा गेटच्या केबिनमध्ये शिरली. सुपरवायझरला खुर्चीवरून उठवलं. पासवर्ड एकदा चुकला. मग तिने बोर्डाची क्वेरी काढून त्या जागी वेगळ्या नावाने ठेवलेली घातली.

काचेतून तिला बोर्डाची पाठ दिसत होती. पण मैदानातल्या चेहऱ्यांवरचा हिरवा उजेड लाल झाला, तो दिसला. ती बाहेर आली. बोर्डावर एक ओळ होती. मनुबाई. त्यापुढे दोन रिकामे रकाने.

"हे कोण?" साहिल सरांचा आवाज फाटला होता.

"टाक्यांच्या शेडमधल्या. मागच्या टाकीवर."

विनेश तोवर पाठीवर सिलेंडर चढवत होता. "माझ्या घरापलीकडची म्हातारी हाय ती," तो मास्कच्या आतून म्हणाला, आणि तुकडीतल्या आणखी एकाला घेऊन गेटातून आत गेला.

थांबणं आलं. पाहुण्यांपैकी एक जण काहीतरी लिहीत होता, मग त्याने लिहिणं थांबवलं. छतावरची नारिंगी पिशवी हलली, वळली, आणि पुन्हा लोंबली. प्रज्ञाच्या ध्यानात आलं की वास येत नाहीये. वारा फिरला की नाक गेलं, हे तिला ठरवता येईना. तिने मनगट नाकाला लावलं. साबणाचा वास आला. तेव्हा तिला श्वास घेता आला.

विनेश मनुबाईंना हातांवर घेऊन आला. त्या टाकीपाशी सापडल्या नव्हत्या. शेडच्या मागच्या दाराबाहेर, खाडीकडच्या भिंतीला टेकून बसलेल्या, मान एका बाजूला. तंबाखू मळायला बाहेर आल्या होत्या. तळहातावर चुना तसाच होता. त्यांना ॲम्ब्युलन्सच्या पायरीशी आडवं केलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. कुणीतरी त्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून खांबावर टेकवलं. खांब या वेळी टीं बोलला.

बोर्ड हिरवा झाला. आत कोणी नाही.

मैदानात सुस्कारा फिरला. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मृणाल मॅडम जवळ आल्या, प्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवला. विनेशने मास्क वर सरकवला आणि घामाने थबथबलेल्या तोंडाने पाणी मागितलं.

प्रज्ञा गुडघ्यांवर बसली. मनुबाईंच्या पापण्या हलत होत्या.

"मावशी."

डोळे उघडले. नजर कुठेच लागत नव्हती.

बरं वाटतंय का, असं विचारायचं होतं. पण तिच्या तोंडून भलतंच आलं. बांधावर, पायांना गाळ लागलेल्या बायका एकमेकींना विचारतात ते.

"मावशी, तुमची जोडी?"

मनुबाईंचा हात ऑक्सिजनच्या मास्ककडे गेला. नर्सने तो धरला. त्या मान हलवत राहिल्या तेव्हा नर्सने मास्क किंचित उचलला.

"नवी," त्या म्हणाल्या. "टाकीच्या खड्ड्यात. गाळ काढीत व्हती."

"नाव काय तिचं?"

"इचारलं न्हाय अजून." त्यांनी श्वास ओढला. "सकाळी टेम्पोतनं आली. मागल्या गेटानं. मी म्हटलं, आलेच गो, चुना खाऊन."

मास्क पुन्हा बसला. मनुबाईंचे डोळे प्रज्ञाच्या तोंडावर खिळले होते आणि त्यांच्यात पाणी भरत होतं.

प्रज्ञा उठली. मागच्या गेटला कार्डाचं यंत्र नव्हतं. ते गेट फक्त गाळाच्या गाड्यांसाठी होतं. जी बाई कुठल्याच टेबलात नाही, तिला कुठल्याही तऱ्हेने जोडता येत नाही. लेफ्ट जॉईनने राखलेली डावी बाजू, म्हणजे गेटची नोंद, तीही तिथे रिकामी होती.

"सर, आणखी एक आहे. मागच्या टाकीच्या खड्ड्यात."

साहिल सरांनी बोर्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "सगळ्या नोंदी बंद झाल्यात. म्हातारी भ्रमात बोलतेय. दुसऱ्यांदा माणसं आत पाठवायची तर मला काहीतरी..." ते थांबले. त्यांच्या मागे हिरवा उजेड होता.

"पुरावा हवाय," प्रज्ञा म्हणाली.

ती केबिनमध्ये गेली. कार्ड विसरलेल्यांची नोंद हाताने घालायची एक खिडकी पडद्यावर होती. तिने कार्ड नंबराच्या जागी शून्य टाकलं. नावाचा रकाना यंत्र रिकामा सोडू देईना. लाल चौकट पुन्हा पुन्हा येऊ लागली. काचेपलीकडे मृणाल मॅडम उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, काचेवर टेकवला, आणि टकटक केली नाही.

प्रज्ञाने टाईप केलं: मनुबाईची जोडी.

आणीबाणीत नवी नोंद पडली की वाजतो तसा भोंगा आपोआप सुरू झाला. लोक दचकून मागे सरले. बोर्डावर लाल अक्षरांत एकच ओळ उभी राहिली, आणि तिच्यापुढे विभागाचा रकाना मोकळा, कंत्राटदाराचा मोकळा, सगळं मोकळं. पाहुणे ती वाचत होते. साहिल सरांनी विनेशकडे पाहून मान हलवली. विनेशने पाण्याची बाटली खाली ठेवली, मास्क ओढून घेतला आणि धावत गेला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा.

प्रज्ञा खांबापाशी जाऊन उभी राहिली. नारिंगी पिशवी हलत नव्हती. खाडीत भरती लागली होती, तिवरांच्या मुळांत पाणी चढल्याचा बारीक आवाज भोंग्याखालून येत होता. आजूबाजूला सगळे बोर्डाकडे बघत होते आणि ती ओळ जायची वाट पाहत होते.

ओळ तिथेच होती.